बर्फ पडतो म्हणजे नेमके काय करतो?

एका छोट्या कथेचे भाषांतर करताना मी तिच्या पहिल्याच वाक्यापाशी अडले. वाक्य तसे काहीच नव्हते; रात्रभर बर्फ पडत होता, एवढाच त्याचा अर्थ. मी तो तसाच लिहिला, पुढची पाने उरकली आणि मजकूर वाचायला एका जुन्या मैत्रिणीकडे दिला. तो परत आला तेव्हा पहिल्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिले होते, ‘कुठून पडत होता? फ्रीजमधून?’

हसू आले, पण आक्षेप खोटा नव्हता. मराठीत बर्फ म्हणजे साच्यात गोठलेली, हातातून निसटली तर टणकन आपटणारी लादीही आणि आकाशातून आवाज न करता येणारी ती पिंजलेली, हलकी गोष्टही. इंग्रजीला यासाठी आइस आणि स्नो असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण एकावरच भागवतो. ‘पाऊस पडला’ म्हटल्यावर कुठून, असे कोणी विचारत नाही, कारण पाऊस या शब्दात पडणे आधीच आलेले असते. बर्फाचे तसे नाही. त्याला पडायचे असेल तर संदर्भ पुरवावा लागतो.

मूळ वाक्यात तर बर्फ नावाचा कर्ताही नव्हता. तिथे एकच क्रियापद होते आणि कर्त्याच्या जागी नावापुरते एक सर्वनाम. मराठीलाही अशी क्रियापदे परकी नाहीत. व्याकरणात आपण त्यांना भावकर्तृक म्हणतो: उजाडते, सांजावते, गडगडते, मळमळते. ‘उजाडले’ या वाक्यात कोण उजाडले, हा प्रश्नच उद्भवत नाही. पण बर्फासाठी असे क्रियापद मराठीने घडवले नाही. मी ‘हिमावले’ असे लिहून पाहिले. शब्द दिसायला बरा होता. मात्र वाचताना कथा बाजूला राहून कोणीतरी कविता करायला बसले आहे असे वाटू लागले, म्हणून तो खोडला.

राहिले तयार शब्द. हिमवृष्टी आणि हिमवर्षाव या दोन्हींमध्ये पाऊसच दडलेला आहे. वृष्टी काय, वर्षाव काय, दोन्ही ‘वृष्’ या धातूपासून आलेले. शिवाय वर्षाव म्हटला की तो फुलांचा असो वा टीकेचा, त्यात जोर आणि गलबला येतोच, आणि माझ्या कथेतली रात्र तर निःशब्द होती. मग उरला हिमपात. त्याची सोबत पाहा: रक्तपात, गर्भपात, वज्रपात, उल्कापात, अधःपात. ज्याच्या शेवटी पात आला त्याचे बहुधा काही बरे होत नाही. पक्षपातसुद्धा याच घरचा. संपात तेवढा सभ्य निघाला; दोन वर्तुळे आकाशात जिथे एकमेकांना भेटतात त्या बिंदूला आपण वसंतसंपात म्हणतो, आणि तिथे कोणी पडून जखमी होत नाही.

या ‘पात’चा माग काढत गेले आणि ‘पत्’ या संस्कृत धातूपाशी पोहोचले. आपले ‘पडणे’ याच धातूचे, प्राकृतातून ‘त’चा ‘ड’ होऊन आलेले रूप. शाळेत ‘पतति’ म्हणजे ‘तो पडतो’ असे पाठ केलेले असते, आणि बहुतेकांचा या धातूशी संबंध तिथेच संपतो. पण जुन्या संस्कृतात ‘पतति’ म्हणजे ‘तो उडतो’ असाही अर्थ आहे, आणि तो अपवादाने येणारा नाही. पतंग तो हाच, उडत जाणारा. मग तो दिव्यावर झेपावणारा कीटक असो वा दोरीला बांधलेला कागद. पक्ष्याला पतत्री म्हणतात ते त्याला पतत्र, म्हणजे पंख, असतात म्हणून. पत्र या शब्दाचाही मूळ अर्थ पंख किंवा पीस. पुढे झाडाचे पान, मग लिहिण्याचे पान आणि शेवटी टपालाने येणारा कागद. ग्रीकमध्ये याच मुळापासून एकीकडे उडण्याचे क्रियापद आले, दुसरीकडे पडण्याचे, आणि तिसरीकडे ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख हा शब्द. हेलिकॉप्टरमधला शेवटचा ‘प्टर’ तोच. आपले पत्र आणि हेलिकॉप्टरचे शेपूट एकाच कुळातले आहेत, हे कळल्यावर मी तो अख्खा दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते.

एकाच धातूने उडणे आणि पडणे दोन्ही सांगावे, हे पहिल्यांदा ऐकताना विसंगत वाटते. पण धातूचा मूळ भाव बहुधा हवेतून वेगाने जाणे एवढाच असावा, दिशा नंतर ठरली असावी. हवेतून जाणारे वर गेले तर उडाले, खाली आले तर पडले. पाखरू तर दोन्ही करते.

आणि बर्फही करतो. खिडकीपाशी उभे राहून पडता बर्फ पाहिला, तर पहिल्या पाच मिनिटांतच आपली खात्री डळमळते. दूरवर नजर लावली तर सगळे खाली येत असते. मात्र काचेजवळचा एकच कण निवडून त्याचा पाठलाग केला, तर तो खाली येता येता थबकतो, भिंतीला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यात सापडून पुन्हा वर जातो, आडवा सरकतो, गिरकी घेतो आणि डोळ्यांना चकवून दुसऱ्या कणांत मिसळतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने येतो. हिमकणांचा पुंजका साधारण 1 ते 1.5 मीटरने, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने. तीन किलोमीटर उंचीवरून निघालेल्या कणाला जमिनीवर पोहोचायला पाऊण तास सहज लागतो. इतका वेळ हवेत काढणाऱ्याला नुसते ‘पडला’ म्हणणे जरा अन्यायाचेच. रशियन भाषेत तर बर्फ सहसा पडत नाही. ‘स्नेग इद्योत’, बर्फ चालतो, असे ते म्हणतात. पावसालाही त्यांचे हेच क्रियापद आहे, त्यामुळे यात बर्फाचा खास मान आहे असे नाही. पण चालण्याच्या वेगाचा हिशेब कळल्यापासून मला ते वाक्य नुसता वाक्प्रचार वाटत नाही.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात सिथियन या भटक्या लोकांची एक हकीकत नोंदवली आहे. त्यांच्या देशाच्या उत्तरेला म्हणे हवा पिसांनी इतकी भरलेली असते की पुढचे दिसत नाही आणि पुढे जाताही येत नाही. हिरोडोटसने त्याचा उलगडाही करून ठेवला आहे: ही पिसे म्हणजे बर्फ, ज्याने जवळून दाट बर्फ पडताना पाहिला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. पीस, पंख आणि पडणे या तिन्ही गोष्टी आपल्या ‘पत्’मध्ये आधीपासूनच शेजारी शेजारी बसलेल्या होत्या, आणि त्या सिथियनांनी केवळ डोळ्यांनी पाहून तीच सोयरीक जुळवली.

आता हिम. हा शब्द आपण हिमालयापासून हिमनदीपर्यंत सगळीकडे मानाने वापरतो, पण तो आपल्या तोंडचा नाही. पुस्तकातून परत आणलेला आहे. लोकांच्या तोंडून झिजत झिजत जे हिम मराठीत उतरले ते वेगळेच. ते म्हणजे ‘हिंव’. हिंव भरते, हिंव वाजते. हिवताप त्यातूनच आला आणि ‘हिमकाल’चा हिवाळाही त्यातूनच झाला. म्हणजे ज्यांना बर्फ कधी दिसला नाही त्यांच्या भाषेत हिमाचे पांढरेपण गळून गेले आणि अंगात भरणारी थंडी तेवढी उरली. खरे तर शब्दाच्या जन्मातच थंडी आहे. लॅटिनमधला ‘हिएम्स’, रशियनमधला ‘झिमा’, फारसीतला ‘झमिस्तान’ आणि आपला हेमंत हे सगळे हिमाचे भाऊबंद, आणि सगळ्यांचा अर्थ हिवाळ्याभोवतीच फिरतो. चंद्राला हिमांशू म्हणताना त्याच्या किरणांतून बर्फ गळतो असे कोणाच्या मनात नसते. ते किरण थंड असतात एवढेच.

ऋग्वेदात ‘शतं हिमाः’ अशी मागणी आहे. शंभर हिवाळे जगू दे, म्हणजे शंभर वर्षे. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या प्राण्याला ‘बीमस’ म्हणत; त्यातही तेच हिम आहे, दोन हिवाळे पाहिलेला. आणि आपण ज्याला वर्ष म्हणतो ते काय आहे? तेही वृष् धातूचेच, मुळात पावसाचे. एका काळी आयुष्य हिवाळ्यांनी मोजले गेले, नंतर पावसाळ्यांनी. ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे आपण अजून म्हणतोच. आकाशातून खाली काय येते यावर वय मोजण्याची ही रीत मला फार आवडते. तारखांपेक्षा ती जास्त विश्वासाची वाटते.

अमरकोशात हिमासाठी सात शब्द एका दमात दिले आहेत: अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका. आज वाचताना त्यांत धुके, दंव, गोठलेले दंव आणि बर्फ यांची सरमिसळ दिसते आणि कोशकाराला फरक कळत नव्हता की काय, अशी शंका येते. मला उलट वाटते. आकाशातले पाणी थंडीने जे जे रूप घेते त्या सगळ्यांना ते एकाच कुटुंबातले मानत होते. यातल्या तुषाराचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. संस्कृतात तो थंडगार, गोठवणारा, बर्फाचा. मराठीत येईपर्यंत तो कारंज्याचा झाला, पिकांवर पाणी शिंपडणाऱ्या नळीचा झाला. गोठणे विसरला आणि बारीक होऊन उडणे तेवढे लक्षात ठेवले. त्या श्लोकात पुढे ‘हिमानी’ येते, हिमसंहती, बर्फाचा मोठा साठा. ‘अरण्या’चे जसे ‘अरण्यानी’, तसे ‘हिमा’चे ‘हिमानी’. वस्तू अफाट झाली की तिला हा प्रत्यय लागतो, असा नियम व्याकरणकारांनी नोंदवून ठेवला आहे. अफाटपणासाठी स्वतंत्र प्रत्यय असलेली भाषा आपल्या मागे उभी आहे आणि आपण ‘प्रचंड प्रमाणात बर्फ’ असे लिहीत बसतो.

बर्फ हा शब्द फारसीतून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याचे जुने रूप मात्र अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘वफ्र’ असे आहे. पुढे कधीतरी ‘फ’ आणि ‘र’ यांनी जागा बदलल्या आणि वफ्राचा बर्फ झाला. चिखलाचा चिलख करणाऱ्या लहान मुलांना आपण हसतो. इथे एका अख्ख्या भाषेने तेच केले आणि पुढे तोच शुद्ध शब्द ठरला.

इंग्रजी ‘स्नो’चे कुळ वेगळे. अवेस्तात त्याचा भाऊ सापडतो, स्लाव भाषांत सापडतो, लॅटिनमध्ये ‘निक्स’ होऊन बसतो. संस्कृतात मात्र बर्फ या अर्थाने तो नाही. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचा धागा ‘स्निह्’ या धातूशी जोडतात. ओलसर होणे, चिकटणे, आणि त्यावरून पुढे जीव लावणे. आपला स्नेह तो हाच. सगळ्यांना हा संबंध मान्य नाही, आणि मोह पडावा असा असल्यामुळेच त्याच्यापासून जरा जपून राहावे. पण शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ हातात घेऊन दाबला की कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे त्याचा गोळा होतो आणि कडक थंडीतला कोरडा बर्फ मात्र पिठासारखा बोटांतून सुटून जातो, हे ज्याने अनुभवले असेल त्याला या व्युत्पत्तीचा मोह आवरणे कठीण जाईल. या ‘निक्स’वरून खगोलशास्त्रज्ञ केपलरने एक कोटी केली होती. 1611 साली प्रागमध्ये त्याने हिमकण षट्कोनीच का असतात यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. लॅटिनमध्ये निक्स म्हणजे बर्फ, आणि त्याच्या जर्मन बोलीत निक्स म्हणजे काही नाही. भेट द्यायला जवळ काही नाही, म्हणून हे ‘काही नाही’ घ्या!

बर्फाच्या शब्दांचा विषय निघाला की कोणीतरी एस्किमोंच्या शंभर शब्दांची गोष्ट काढतेच. मूळ गोष्ट फार साधी आहे. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने 1911 साली चार शब्द दिले होते: जमिनीवरचा बर्फ ‘अपुत’, पडता बर्फ ‘काना’, वाऱ्याने सरकणारा बर्फ आणि वाऱ्याने साचलेला ढीग. पुढे सांगणाऱ्यागणिक आकडा वाढत गेला, आणि 1986 साली लॉरा मार्टिन यांनी ही वाढ कशी होत गेली ते उघड केले. मला आकड्यात रस नाही. माझे लक्ष पहिल्या दोन शब्दांवर अडते. पडणारा आणि पडलेला यांत एवढा फरक, की दोघांना एक नावही पुरू नये. आणि विचार केला तर खरेच आहे. पडणारा बर्फ ही घटना आहे, पडलेला बर्फ ही जागा. जर्मनमध्ये उन्हाळा काढून उरलेल्या जुन्या बर्फाला ‘फिर्न’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘गेल्या वर्षीचा’. आपल्याकडे ‘पडून असणे’ हा प्रयोग आहे, पण त्यात दुर्लक्षाची धूळ बसलेली असते. फाइल पडून असते, जमीन पडीक असते.

मात्र पडण्याच्या बाबतीत मराठी कोणाला हार जाणार नाही. दात पडतो, पण केस गळतात आणि पिसे झडतात. फळ पडते, पान गळते, मोहोर झडतो, दरड कोसळते, खडा निखळतो, अश्रू ओघळतो, पदर ढळतो. यांची अदलाबदल करून पाहा. दात गळला की माणूस म्हातारा वाटतो आणि केस पडले म्हटले की भाषाच पडल्यासारखी वाटते. जे एकेकटे, एका क्षणी सुटते ते पडते. ज्याची पकड हळूहळू सैल होत जाते ते गळते. झडणे घाऊक असते. असा हिशेब मी मांडून पाहिला आणि दोन दिवसांत त्याला दहा अपवाद सापडले, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही.

पण खरी गंमत वरून न येता पडणाऱ्या गोष्टींची आहे. अंधार पडतो, थंडी पडते, दंव पडते. दंव तर कुठूनही पडत नाही; गार झालेल्या पानाला हवेतली वाफ लागते आणि तिथेच तिचे थेंब होतात. विज्ञानाने हे कधीचे सांगितले आहे, तरी दंव पडायचे थांबलेले नाही. प्रश्न पडतो, स्वप्न पडते, विसर पडतो, भूल पडते, गाठ पडते, वेळ पडते. या सगळ्यांत उंची कुठेच नाही. आहे ते एवढेच की ते आपण आणलेले नसते. ते आपल्यापाशी येते. म्हणून तर ‘मी प्रश्न पडले’ असे होत नाही, ‘मला प्रश्न पडला’ असे होते. फाशांचे दानही पडतेच. इंग्रजीतला ‘चान्स’ लॅटिनमधल्या पडण्याच्या क्रियापदातून आला, हे वाचले तेव्हा मला परके काही वाचतो आहोत असे वाटले नाही. नशिबाला काय, थंडीला काय, स्वप्नाला काय, या अर्थाने पडणे म्हणजे येणेच असते.

माणूस पडला की मात्र भाषेचा सूर बदलतो. पतन, पतित, आणि पाडते ते पातक. बर्फाचा कडा घसरून खाली येतो त्याला आपण हिमस्खलन म्हणतो, आणि स्खलन म्हणजे अडखळणे, पाय घसरणे, मग जिभेचे घसरणे, मग चारित्र्याचे. जर्मनमध्ये याच हिमस्खलनाला ‘लाविने’ म्हणतात. त्याचे मूळही लॅटिनमधल्या घसरण्याच्या क्रियापदात आहे, आणि त्याच क्रियापदातून चूक, ढिलाई, नियमाचा भंग यांचे शब्द निघाले. डोंगराने घसरले तर ती नैसर्गिक घटना आणि माणसाने घसरले तर दोष, हा भेद दोन्हीकडे सारखाच केला गेला. जपानी भाषेने मुळातच सावधगिरी बाळगलेली दिसते. तिथे पाऊस आणि बर्फ यांच्यासाठी ‘फुरु’, हातातून वस्तू पडली तर ‘ओचिरु’, आणि फुलाच्या पाकळ्या विखरून गळतात त्यासाठी ‘चिरु’. बर्फाच्या येण्यावर खाली पडण्याची नामुष्की चिकटतच नाही. निरभ्र आकाशातून वाऱ्यावर आलेल्या तुरळक हिमकणांना ते ‘काझाहाना’ म्हणतात, वाऱ्याची फुले.

जपानचेच उकिचिरो नाकाया यांनी 1936 साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि आर्द्रता बदलली की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यांनी मांडून दाखवले. उणे पाच अंशांच्या आसपास सुया, उणे पंधराच्या आसपास फांद्याफांद्यांचे तारे. म्हणजे कोटाच्या काळ्या बाहीवर येऊन बसलेला एक कण भिंगाखाली धरला तर तो वर कोणत्या थरातून, कसल्या हवेतून आला ते ओळखता येते. मी असा एक कण पाहिला आहे. सहा भुजा, प्रत्येकीला पिसासारखे बारीक फाटे, एक भुजा टोकाशी मोडलेली. श्वास रोखून धरला तरी तो चार-पाच सेकंदांत कडेपासून गोल होत गेला आणि बाहीवर एक थेंब उरला. बर्फ म्हणजे आकाशाने पाठवलेले पत्र, असे नाकाया म्हणत. जपानीत ती उपमा आहे. मराठीत तिच्यात व्युत्पत्तीही बसते: जे पडते, जे उडते, ज्याला पिसे असतात आणि जे वाचता येते ते पत्र.

हे सगळे मी मैत्रिणीला एका लांबलचक फोनवर ऐकवले. त्याआधी त्या वाक्यात बरसत, उतरत, भुरभुरत असे सगळे घालून पाहिले होते. बरसणे फार ओले होते. उतरण्यात थोडी मर्जी असते, पाहुणा उतरतो, ताप उतरतो. भुरभुरणे पहिल्या दहा मिनिटांना शोभले असते, रात्रभराला नाही. शेवटी मी ‘रात्रभर बर्फ पडत होता’ हेच वाक्य परत लिहिले, तिच्या फ्रीजच्या प्रश्नाखाली ‘आकाशातून’ एवढे उत्तर दिले आणि पाने पुन्हा तिच्याकडे पाठवली.

पाने आठवड्याने परत आली. बाकी मजकुरावर कुठेच खूण नव्हती. पहिल्या ओळीपाशी ‘पडत’ या शब्दाभोवती पेन्सिलीचे वर्तुळ होते आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात लिहिले होते, ‘मग उडत का नाही?’